झेब्राफिशच्या टाक्या आणि आठ दिवसांआड येणारं पाणी : प्रकल्प नोंदी

छत्रपती संभाजीनगरमधल्या एका कॉलेजच्या प्राणीशास्त्र विभागात मी प्रकल्प सहायक आहे. जानेवारीपासून आम्ही इथे संशोधनासाठी झेब्राफिशच्या, म्हणजे छोट्या पट्टेरी माशांच्या, टाक्या उभ्या करतोय. परदेशी बनावटीचा तयार रॅक लाखांच्या घरात जातो, आणि आमच्या हातात पन्नास हजार होते. प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधीच मिळाली होती, राहिलं होतं ते पाणी. वहीतल्या नोंदी थोड्या साफ करून इथे उतरवल्या आहेत. जिथे मासे मेले तिथे जास्त लिहिलंय, कारण कुणाला उपयोग झालाच तर त्याच भागाचा होईल.

१२ जानेवारी

रॅक आला. फॅब्रिकेशनवाल्याने अँगलचा तीन कप्प्यांचा करून दिला, ७,२०० रुपये. प्रत्येक कप्प्यात १० लिटरच्या चार काचेच्या टाक्या, म्हणजे एकूण बारा. तळाला १२० लिटरची सम्प टाकी. पंप सम्पमधलं पाणी वर चढवतो, प्रत्येक टाकीत बारीक धार पडते, जास्तीचं पाणी मागच्या नळीतून परत सम्पमध्ये येतं आणि वाटेत फिल्टरमधून जातं. सगळं मिळून २४० लिटर पाणी.

प्लंबरने मुख्य लाइनला पितळी कॉक बसवला होता. पितळेत तांबं असतं आणि तांबं माशांना बाधतं, म्हणून तो काढायला लावला. "ताई, प्लास्टिकचा दोन वर्षं टिकत नाही," म्हणाला. टिकत नाही हे खरंच आहे. तरी प्लास्टिकचाच बसवला.

२१ जानेवारी

नऊ दिवस वाया गेले. टाक्यांचे सांधे आम्हीच सिलिकॉनने भरले होते. सुकल्यावर एमएस्सीच्या एका मुलीने रिकामी ट्यूब फिरवून वाचली : बाथरूमसाठी, बुरशी लागत नाही. बुरशी लागत नाही याचा अर्थ त्यात बुरशी मारणारं काहीतरी घातलेलं आहे, आणि ते हळूहळू पाण्यात उतरणार. बाराही टाक्यांचे सांधे ब्लेडने खरवडून काढले आणि मत्स्यालयाचं साधं सिलिकॉन पुन्हा भरलं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत चार दिवस थांबलो. १,१५० रुपये आणि माझ्या अंगठ्याला दोन टाके.

३ फेब्रुवारी

आमच्या भागाला नळ आठ दिवसांआड येतो. जायकवाडीचं पाणी. तो येतो तेव्हा इमारतीची टाकी भरते. मधल्या दिवसांत लागलं तर टँकर, आणि टँकर बहुतेक कुठल्या ना कुठल्या बोअरचा. म्हणजे एकाच नळाखाली बादली धरली तरी सोमवारचं पाणी आणि शुक्रवारचं पाणी वेगळं. आज चारही नमुने मोजले (पीएच म्हणजे पाणी किती आम्ल ते, ७ च्या खाली आम्ल; कंडक्टिव्हिटी म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज; हार्डनेस म्हणजे पाण्याचा कठीणपणा) :

नळ : पीएच ७.९, कंडक्टिव्हिटी ५२० मायक्रोसीमेन्स, हार्डनेस १९०.
टँकर : पीएच ८.२, कंडक्टिव्हिटी १,३८०, हार्डनेस ४६०.
कॉलेजची बोअर : जवळपास टँकरसारखीच.
आरओ : पीएच ६.३, कंडक्टिव्हिटी २२, हार्डनेस जवळजवळ शून्य.

झेब्राफिश तसा काटक मासा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, उथळ ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. थोडं कमीजास्त चालवून घेतो, पण रोज वेगळं पाणी दिलं तर अंडी देत नाही. आम्हाला अंडीच हवी आहेत. म्हणून ठरवलं की आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ घालून कंडक्टिव्हिटी ५०० वर आणायची. १०० लिटरला साधारण २७ ग्रॅम मीठ लागतं. आरओ मशीन १३,५०० रुपयांना पडलं. त्यातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी विभागातले मदतनीस मामा बादल्या भरून बागेला नेतात, कारण इथे ते गटारात सोडलेलं कुणालाच बघवत नाही.

(नंतरची भर : या नोंदीत एक शब्द नाही. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद. तो मे महिन्यात सापडला, त्याची किंमत पुढे येईल.)

८ फेब्रुवारी ते १९ मार्च

या ४० दिवसांत टाक्यांत मासा नाही. फक्त पाणी, पंपाचा आवाज आणि सरांचा रोजचा प्रश्न, "मासे कधी?"

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जीवाणू फिल्टरमध्ये वसल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत. क्लोरीन उडवलेलं नळाचं पाणी भरलं, अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ मिग्रॅ/लिटर केला, आणि पुण्याच्या एका लॅबमधून त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने आणला. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, खरवस आहे का.

अमोनिया सोळाव्या दिवशी उतरायला लागला. नायट्राइटचा किटमधला रंग मात्र जांभळाच्या जांभळा, पार ३३व्या दिवसापर्यंत. या काळात घाई झाली ती एकदाच. २५व्या दिवशी मी स्पंज "घाण दिसतोय" म्हणून नळाखाली धुतला. तो दिवस नेमका नळाचा होता, क्लोरीन ताजं. निदान आठवडाभराची कमाई धुऊन निघाली. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा, आणि तोही वासच यायला लागला तर.

नायट्रेटच्या किटने पण फसवलं. तीन आठवडे नायट्रेट जवळपास शून्य दिसत होतं. मग नायट्राइट जातंय कुठे? शेवटी कळलं की दुसऱ्या बाटलीत तळाशी पावडर बसते, ती अर्धा मिनिट जोरात हलवायची असते. नुसती आडवी-उभी करून चालत नाही, टेबलावर आपटून हलवायची. आपटली. रंग पिवळ्याचा थेट विटकरी झाला.

२० मार्चला संध्याकाळी २ मिग्रॅ अमोनिया टाकला, दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. अर्धं पाणी काढून आरओचं भरलं.

२५ मार्च

मासे आले. कुर्ल्याच्या एका होलसेलवाल्याकडून ३०० मागवले, १२ रुपये नग. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, थर्माकोलच्या खोक्यात ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या. पंधरा तास पिशवीत. मोजले तर २९१ जिवंत.

पुस्तकी पद्धतीने पिशव्या उघडल्या, बादलीत ओतल्या आणि दीड तास आमच्या पाण्याची थेंबथेंब धार सोडली. आणखी ९ मेले. पिशवीतले ९ प्रवासाने गेले असं लिहिलं, बादलीतले ९ही प्रवासानेच गेले असं लिहिलं. मेमध्ये ही ओळ पुन्हा वाचली.

२८२ मासे बारा टाक्यांत वाटले. रोज सुमारे ४ ग्रॅम खाद्य, सकाळी कोरडं, संध्याकाळी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) पिल्लं. दिवा टायमरवर, १४ तास चालू, १० तास बंद.

१६ एप्रिल

सगळं आलबेल. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. पीएच ७.२, रोज ७.२. कंडक्टिव्हिटी ५०५. रोज एक दशांश पाणी बदलतोय. इतके दिवस शून्य पाहून कंटाळा आला आणि अमोनियाची चाचणी आठवड्यावरून पंधरवड्यावर नेली. किटच्या बाटल्याही वाचतात.

पीएच "रोज ७.२" याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. कुठलंही जिवंत पाणी रोज ७.२ दाखवत नाही.

४ मे

उन्हाळा. बाहेर ४१, टाकीत ३१. झेब्राफिशला २८ च्या आसपास हवं. एसी मंजूर नाही. खिडकीत कूलर लावला, त्याला पाणी लागतं, पाणी नाही. सम्पवर दोन टेबलफॅन तोंड खाली करून लावले. बाष्पीभवनाने एक-दीड अंश उतरला. पण पाणी उडतं तसं मीठ मागे राहतं, कंडक्टिव्हिटी ५८० झाली. घटलेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचं आरओ घालायचं, मिठाचं नाही, हे दोन दिवसांनी सुचलं.

६ ते २१ मे

नळ आलाच नाही. आठ दिवसांचे बारा झाले, बाराचे सोळा. आरओला घालायला पाणी नाही, म्हणून पाणी बदलणं बंद. फक्त घटलेलं भरत राहिलो. खाद्य मात्र चालू, आणि सुट्टीतल्या पोरांनी दोनदा टाकलेलं, कारण "मासे मागत होते". मासे नेहमीच मागतात.

मधल्या काळात फक्त १४ मासे गेलेले, म्हणजे २६८ जिवंत. खात होते, पोहत होते.

२२ मे

ही नोंद दुसऱ्या दिवशी लिहिली आहे.

सकाळी साडेनऊला पंधरवड्याची अमोनिया चाचणी. परीक्षानळी पिवळी राहायला हवी होती, ती बाटलीसारखी गर्द हिरवी झाली. कार्डावरची शेवटची छटा, ८ मिग्रॅ/लिटर. पुन्हा केली, तेच. पीएच मीटरवर ७.२.

सरांना फोन. ते म्हणाले, लगेच अर्धं पाणी बदला. मीही तेच म्हटलं असतं, कुणीही म्हटलं असतं. आदल्या रात्री इमारतीच्या टाकीत टँकर पडला होता. आरओची टाकी १०० लिटर भरलेली, पण १२० लागणार होतं आणि आरओचं पाणी पुढच्या आठवड्याला राखून ठेवायचं होतं. टँकरचं पाणी काढलं, क्लोरीन नाही हे ओटी (क्लोरीन तपासायचे थेंब) टाकून पाहिलं, तापमान जुळवलं. आम्हाला काळजीपूर्वक वागल्यासारखं वाटत होतं. साडेदहा ते सव्वाअकरा, अर्धं पाणी बदललं.

अकरा चाळीसला चार नंबरच्या टाकीत पहिला मासा गोल फिरायला लागला. मग पृष्ठभागाला तोंडं. कल्ले नेहमी झाकणाखाली दिसत नाहीत, ते आता बाहेरून लालभडक दिसत होते. मासे अचानक बाणासारखे सुटायचे, काचेवर आपटायचे आणि बाजूला कलंडायचे. आम्हाला वाटलं, बदललेलं पाणी पुरलं नाही. म्हणून आणखी तीन बादल्या टँकरच्या घातल्या. ती वही मी फाडली नाही, त्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय : "१२.०५, आणखी ४५ लि. बदलले."

एक वाजेपर्यंत ५१ मेले.

सकाळच्या चाचणीसाठी काढलेल्या पाण्याची बाटली टेबलावर तशीच होती. एमएस्सीच्या त्याच मुलीने, ट्यूब वाचणाऱ्या, कपाटातून मत्स्यालयाच्या दुकानातलं जुनं थेंबवालं पीएच किट काढलं. दोन परीक्षानळ्या. एकीत सकाळच्या बाटलीतलं पाणी, दुसरीत आत्ताचं टाकीतलं. तीन-तीन थेंब. पहिली हळदीच्या पाण्यासारखी पिवळी झाली, दुसरी निळी. खिडकीशी धरून आम्ही तिघं बघत राहिलो. हे थेंब ६ किंवा त्याखाली पिवळे असतात, साडेसातच्या वर निळे. मीटर सकाळीही ७.२ म्हणत होता आणि आत्ताही ७.२ म्हणत होता.

आरओचं राखून ठेवलेलं १०० लिटर मीठ घालून भराभर आत सोडलं, तेवढंच पाणी बाहेर काढलं. खाद्य बंद, एअर पंप दुप्पट. संध्याकाळी सातनंतर मरणं थांबलं. एकूण ९७ मेले. १७१ उरले. मामांनी मेलेले मासे मोजून दिले, मला मोजवत नव्हते.

२४ मे

काय झालं ते आता नीट कळलंय. उलट क्रमाने लिहिते.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो कल्ल्यांतून सहज आत जात नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो जातो आणि मारतो. किट दोन्हींची बेरीज दाखवतं. वाटणी ठरवतो पीएच, थोडं तापमान. ३१ अंशांना पीएच ६ असेल तर मुक्त अमोनिया हजारात एकापेक्षाही कमी. पीएच ८.१ असेल तर जवळपास दहा टक्के.

सकाळची बाटली डिस्टिल्ड पाण्याने निम्मी पातळ करून पुन्हा तपासली, कारण ८ ही कार्डाची शेवटची छटा आहे, पाण्याची नव्हे. ६ आलं, म्हणजे खरा आकडा १२ च्या आसपास. पीएच ६ ला त्यातला मुक्त अमोनिया ०.०१ मिग्रॅ. म्हणून मासे मजेत होते. आम्ही अर्धं पाणी बदलून एकूण अमोनिया १२ चा ६ केला आणि पीएच ८.१ वर नेला. मुक्त अमोनिया झाला ०.६. पाऊण तास पाणी बदलून विष साठ पट केलं, वर पीएचचा दोन अंकांचा धक्का.

पीएच ६ ला का गेला? जीवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि पाण्यातली अल्कलिनिटी ते झेलते. १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिग्रॅ अल्कलिनिटी संपते. आमच्या ४ ग्रॅम खाद्याच्या हिशेबाने रोज साधारण सव्वा ग्रॅम. आरओच्या पाण्यात अल्कलिनिटी नाही. समुद्री मीठ इतकं थोडं की त्यातूनही काही मिळत नाही. कंडक्टिव्हिटी ५०५ बघून आम्ही समजत होतो की पाण्यात सगळं आहे. कंडक्टिव्हिटी मोजायचा पेन फक्त क्षार मोजतो, कुठले ते नाही. मार्चमध्ये शिल्लक असलेल्या नळाच्या पाण्यावर महिनाभर गाडी चालली, मग टाकी कोरडी.

पीएच सहाच्या आसपास आला की हे जीवाणू काम जवळपास थांबवतात. म्हणून अमोनिया साचला. पाणी बदलणं बंद होतं, म्हणून आणखी साचला.

आणि मीटर. त्याचं इलेक्ट्रोड मी एप्रिलपासून डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवत होते. स्वच्छ पाणी, काचेला चांगलं, असं वाटायचं. ते पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचं असतं. डिस्टिल्ड पाण्यात त्याच्या आतले क्षार निघून जातात आणि ते सुस्त होतं. आमचं इतकं सुस्त झालं होतं की कशातही घातलं तरी सातच्या आसपास. ४ च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठरलेलं द्रावण) घालून पाहिलं : ६.६. ९.२ च्या बफरमध्ये : ७.५. एकदा जरी बफर पाहिला असता तर ९७ मासे जिवंत असते. बफरच्या गोळ्या कपाटात होत्या, पाकीट न उघडलेलं.

मार्चमधल्या बादलीतल्या त्या ९ माशांचंही हेच. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, अमोनिया बराच असतो पण निरुपद्रवी रूपात. पिशवी उघडली, गॅस उडाला, वर आमचं पाणी थेंबथेंब घातलं, पीएच चढत गेला आणि मासे दीड तास त्यातच. लांबून आलेले मासे असतील तर तापमान जुळवायचं आणि जाळीने उचलून थेट नव्या पाण्यात सोडायचे, पिशवीचं पाणी फेकायचं. पुढच्या वेळी तेच करणार.

२५ मे ते ११ जून

दुरुस्ती. सगळ्यांचा पहिला सल्ला होता, सोडा टाका. टाकला असता तर उरलेले १७१ही गेले असते. अमोनिया जास्त असताना पीएच चढवायचा नाही. आधी अमोनिया खाली आणायचा, त्याच पीएचच्या पाण्याने, मग अल्कलिनिटी.

टँकरचं पाणी थेट न वापरता आरओ मशीनला दिलं. मशीनची जाळी, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, इतक्या कठीण पाण्याने लवकर जाईल, जाऊ दे. रोज ४० लिटर बदल. खाद्य दिवसाआड, चिमूटभर. आठ दिवसांत अमोनिया १ च्या खाली. मग खायचा सोडा सुरू केला : पहिल्या दिवशी २ ग्रॅम, विरघळवून, सम्पमध्ये, तीन भागांत. पीएच दिवसाला ०.२ पेक्षा जास्त चढू द्यायचा नाही. जीवाणू दहाव्या दिवशी जागे झाल्याचं दिसलं, नायट्राइट थोडा चढला. नायट्राइटसाठी पाण्यात क्लोराइड असलेलं बरं, तो नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. समुद्री मिठात ते असतंच.

सोड्याबद्दल : दुकानात पाठवलेल्या पोराने पहिल्यांदा बेकिंग पावडर आणली, दुसऱ्यांदा धुण्याचा सोडा. तिसऱ्यांदा मीच गेले.

आता अल्कलिनिटीचं थेंबवालं किट रोज. रंग बदलायला चार ते पाच थेंब लागले पाहिजेत. एक थेंब म्हणजे साधारण १८ मिग्रॅ. तीन थेंबांवर आलं की दीड ग्रॅम सोडा. हे किट ५२० रुपयांचं आहे. जानेवारीत यादीतून मीच काटलं होतं.

१९ जून

पाऊस सुरू. नळाचं पाणी गढूळ येतंय, त्यामुळे क्लोरीन वाढवलंय. ओटीचे थेंब टाकले की एरवी फिकट पिवळं होतं, आज गर्द केशरी. आरओच्या आधीच्या कार्बन फिल्टरनंतरचं पाणी काढून तपासलं, तेही पिवळं. म्हणजे कार्बन संपलाय आणि क्लोरीन सरळ जाळीपर्यंत जातंय. बदलला, ४८० रुपये. आता कार्बननंतरच्या नळीला एक छोटा कॉक बसवून घेतलाय, नळाच्या प्रत्येक दिवशी तिथून ओटी. नळाचं पाणी थेट वापरायची वेळ आलीच तर सोडियम थायोसल्फेट, क्लोरीनच्या सात-आठ पट वजनाने.

६ जुलै, शनिवार

दुपारी घरी होते. मामांचा फोन : "मॅडम, पेस्ट कंट्रोलवाले आलेत, पॅसेजमध्ये फवारतायत. माशांना चालतं का?"

चालत नाही. झुरळांवर मारतात ती औषधं बहुतेक पायरेथ्रॉइड, माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना अगदी थोडीही पुरतात. आणि आमचा एअर पंप खोलीतली हवा ओढून चोवीस तास पाण्यात फुगे सोडतो. फवारा टाकीपर्यंत पोहोचायची गरजच नाही, पंप त्याला घेऊन येतो.

मामांना सांगितलं, एअर पंप बंद करा, पाण्याचा पंप चालू राहू द्या, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबा, रॅकवर मोठी प्लास्टिकची ताडपत्री. त्यांनी खिडक्याही बाहेरच्या बाजूने उघडल्या, ते मला सुचलं नव्हतं. वरून पडणाऱ्या धारांवर ऑक्सिजन टिकला. एकही मासा गेला नाही. शेजारच्या खोलीत मात्र आर्टेमिया उबवायची बाटली होती, तिचा वेगळा छोटा पंप चालूच राहिला. संध्याकाळी सगळी पिल्लं तळाशी केशरी गाळासारखी पडलेली. औषधानेच गेली असा आमचा अंदाज.

दारावर आता मराठीत पाटी आहे : "आत फवारणी, फिनेल, अगरबत्ती नाही. आधी मामांना विचारा." अगरबत्ती सरांच्या आग्रहाने घातली.

२८ जुलै

हिशेब लावला. रॅक, टाक्या, पंप (एक जादा), आरओ, पाईप-फिटिंग, फिल्टरचे बायोबॉल (जीवाणू वसायचे प्लास्टिकचे गोळे), किट, हीटर, बॅटरीवर चालणारा एअर पंप, मासे, दुसऱ्यांदा लावलेलं सिलिकॉन : ४९,८६०. यात जूनमधला कार्बन आणि नवं इलेक्ट्रोड धरलेलं नाही, ते मी सध्या खिशातून दिलंय. नवं इलेक्ट्रोड द्रावणात बुडवून ठेवलंय, टोपीवर लाल पट्टी आणि "डिस्टिल्ड नाही" असं लिहून. दर सोमवारी दोन बफर. रोज सकाळी थेंबवालं किटही, मीटरवर डोळा म्हणून. दोघांत अर्ध्या अंकाचा फरक पडला तर त्या दिवशी पाण्याला हात नाही.

९ ऑगस्ट

रात्री जोडीच्या पेट्यांत सहा माद्या आणि सहा नर मधे पारदर्शक पट्टी लावून ठेवले होते. सकाळी दिवा लागल्यावर पट्ट्या काढल्या. पाऊण तासाने जाळीखाली अंडी. सहापैकी चार माद्यांनी दिली, मिळून ४१०. त्यातली ६० पांढरी पडली, बाकी काचेसारखी. दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा सर स्टूल ओढून बसले आणि तासभर उठले नाहीत. "मासे कधी?" असं पुन्हा विचारलेलं नाही.

१९ ऑगस्ट

नळाला आज नववा दिवस. आरओच्या टाकीत ६० लिटर. पीएच मीटर ७.४, थेंब ७.४. अमोनिया शून्य, अमोनियाची चाचणी आता दर दोन दिवसांनी. नायट्राइट शून्य, नायट्रेट ३०. अल्कलिनिटी चार थेंब. तापमान २७.५. मासे १६८. सात नंबरच्या टाकीचा प्लास्टिकचा कॉक गळतोय, खाली डबा ठेवलाय. प्लंबरला फोन केला, तो हसला.